बाया ऐकता

जळगाव
३ एप्रिल २०२५, गुरुवार

याहीनबाई,

लांबूनच नमस्कार करते. जवळून केला तर तुम्ही पाय मागे घ्याल.

फोन तुम्ही कापता. मी लावला की दोन रिंगा वाजता, आणि मग ती इंग्रजी बोलणारी बाई येते. तिची न् माझी आता चांगली ओळख झाली. म्हणून म्हटलं पत्र लिहू. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण तुम्ही जन्मभर धुळ्याच्या शाळेत हेडबाई होत्या, लिहिलेलं तपासल्याबिगर फाडायची तुमाले सवय नाही. माझं लिहिणं पहूरच्या शाळेतलं, सातवीपर्यंतचं. लाल पेन घेऊनच बसा.

पोरीच्या सासूनं पोरीच्या मायशी किती दिवस बोलू नाही याचा काही नियम आहे का? चारु न् जावई कॅनडाहून ओटीले आले होते, त्या दिवशी मी तुमच्या डिंकाच्या लाडवाले हसली, तेव्हापासून तुमचं तोंड बंद. लाडू खाऊनच दात बसले की काय, असं मले वाटायले लागलं.

आता गंमत सांगते. काल मी व्याख्यानाले गेली होती! हसू नका. दवाखान्यात गेली होती, तिथून व्याख्यानाले. दवाखान्यात कशाले गेली होती ते मागून सांगते.

इथलं ते डॉक्टरकीचं कॉलेज आहे ना, त्याच्याच दवाखान्यात. काम लवकर झालं आणि बाहेर पाहते तर ऊन असं की चप्पल डांबराले चिकटल. गेटवर उखर्डूभाऊ म्हणून वॉचमन आहे, आमच्याच पहूरकडचा. त्याले म्हटलं, "भाऊ, ऊन उतरेपर्यंत पंख्याखाली बसायले कुठे मिळल?" तो म्हणे, "अक्का, दुसऱ्या माळ्यावर जा. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिथं बायोएथिक्स राहतं. कोणी बी बसू शकतं."

मले ऐकू आलं, बाया ऐकता.

मी म्हटलं, बाया ऐकता तर मी बी ऐकते. भागवत असल, नाहीतर कीर्तन. चप्पल दाराबाहेर काढून आत गेली, तर आत सगळ्यांच्या पायात बूट! बाया थोड्या, बुवेच जास्त. सगळे डॉक्टर नाहीतर डॉक्टर होणारे. मांडीवर डबा, आणि जो तो आपल्याच डब्यात पाहून जेवून राहिला. समोर नाशिकचे पाहुणे माईकवर बोलून राहिले. मी बी माझी कळण्याची भाकर काढली. ठेच्याची पुडी सोडली आणि पाहुण्याले माईकवरच ठसका लागला.

ते एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होते. म्हाताऱ्याले मोठा आजार. पोरं डॉक्टरले म्हणता, बाबाले सांगू नका. बाबा डॉक्टरले म्हणतो, मले सगळं माहीत आहे, पोरांले सांगू नका. तर डॉक्टरनं काय करावं? पाहुणे म्हणे, कोणी सांगेल का? मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता. म्हटलं, "डॉक्टरनं दोघांकडून फी घ्यावी आणि गप्प बसावं."

असे हसले, असे हसले! ही व्याख्यानं एक डॉ. नाजमीन म्हणून बाई चालवता. चारुपेक्षा थोड्या मोठ्या. हसल्या की चष्मा घसरतो. त्या म्हणे, "मावशी, आणि तो आजार तुम्हाला असता तर?" मी म्हटलं, "मी कोणालेच सांगितलं नसतं." तर टाळ्या वाजल्या. मले वाटलं माझं उत्तर बरोबर आलं.

आता दवाखान्याचं. काही नाही, पोट जड राहत होतं. सोनोग्राफीत गाठ निघाली. लिंबापेक्षा मोठी, कैरीपेक्षा लहान, असं सर्जन म्हणे. हे लोक सगळं फळानंच मोजता. रावेरचा असता तर केळ्यात मोजली असती. काढल्याबिगर समजत नाही चांगली की वाईट. मग सर्जन म्हणे, "सोबत कोण आहे?" मी मागे वळून पाहिलं. मागे वजनकाटा होता. म्हणे, घरचं माणूस घेऊन या, मग तारीख देतो.

चारुले यातलं अक्षर सांगायचं नाही. सातवा चालू आहे, तिचं बीपी वर जातं, आणि ती अशी की पोट घेऊन कॅनडाहून विमानात बसल. तुम्ही तिच्याशी रोज बोलता. मले माहीत आहे, तीच सांगते.

मी काही मागून नाही राहिली बरं. गंमत सांगायची होती, तेवढं लिहिलं.

तुमच्या पोराची सासू,
कौतिक


१० एप्रिल, गुरुवार

याहीनबाई,

उत्तर आलं नाही. मी वाट बी पाहत नव्हती. फक्त पोस्टमनले चार वेळा थांबवलं, त्याच्या पोराच्या दहावीचं विचारायले.

एकट्या माणसाची भाजी होत नाही, तुमाले हे जमतं का? एकच गिलकं चिरलं तरी उरतं. मग रात्री तेच, सकाळी तेच. तिसऱ्या दिवशी गिलकं माझ्याकडे पाहतं. भिंतीवर एक पाल आहे, तिच्याशी बोलते. तिचं नाव मी ठेवलं आहे, पण सांगत नाही, तुमाले राग येईल. तुमच्यासारखीच आहे, सगळं ऐकते आणि एक उत्तर देत नाही.

म्हणून बुधवार मले बरा वाटायले लागला. काल परत गेली. आता कोणी माझ्या पायाकडे पाहत नाही. डॉ. नाजमीननी माझ्या बाजूची खुर्ची ओढली, माझा ठेचा घेतला, त्यांचा खिमा सरकवला. मी म्हटलं, "बाई, मी खात नाही." त्या म्हणे, "मग बटाटे वेचून खा." मी म्हटलं, "बटाट्यानं पाहिलं ना त्याले!" पण पोळी घेतली. दुसऱ्याच्या हातची पोळी किती दिवसांनी खाल्ली.

कालच्या पाहुण्या तुमच्या धुळ्याच्या होत्या, वकीलबाई. विषय, सही कोणाची. त्या म्हणे, कायद्यानं शहाण्या माणसाची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची नाही, पोराची नाही, कोणाची परवानगी लागत नाही.

मी हात वर केला. आता मले सवय लागली. "बाई, मी शहाणी आहे का हे कोण ठरवतं?"

"तुम्हाला समजतंय ना काय करणार आहेत ते? मग तुम्ही शहाण्या."

"मग खाली दवाखान्यातून मले परत काहून पाठवलं?"

वकीलबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी डब्यात पाहिलं. मागून एक जण म्हणे, "ती आपली पद्धत आहे." मी म्हटलं, "कायदा दुसऱ्या माळ्यावर आणि पद्धत तळमजल्यावर. मधे लिफ्ट बंद." परत हसले. मी एवढ्या माणसांले हसवते याहीनबाई, आणि तुम्ही एकट्या हसत नाही.

पण ऐका. व्याख्यान संपल्यावर डॉ. नाजमीन माझ्या मागे जिन्यात आल्या. म्हणे, "मावशी, तुमचं बरोबर आहे. सहीचं मी बघते. तुमची एकटीची चालेल. मी भूल देते, त्यामुळे मी आत तुमच्याजवळच असेन. पण सर्जन दार उघडून बाहेर येतील, ते कोणाशी बोलतील?"

मी म्हटलं, "भिंतीशी."

त्या हसल्या नाही. म्हणे, "कधीकधी आत वेगळंच काही दिसतं. तुम्ही झोपलेल्या. तेव्हा थांबून बाहेरच्याला विचारावं लागतं. कायद्यासाठी नाही हो. तुम्हाला ओळखणारं एक माणूस लागतं, जे सांगेल की या बाईला काय चाललं असतं."

कठड्याले धरून उतरली.

त्या दाराचं मले माहीत आहे. चारुच्या बाबांच्या वेळेले मी दाराबाहेर उभी होती आणि तुम्ही माझ्या बाजूले. पोरं विमानात होते. दार उघडलं, डॉक्टर टोपी काढत आले. ते काय बोलले त्यातलं मले एक अक्षर आठवत नाही. तुमाले आठवत असल, कारण नंतर सगळ्यांले तुम्हीच सांगितलं. मले आठवतं ते एवढंच की तुम्ही माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. घाईत भरायचा राहिला होता, आत पाणीच नव्हतं. आणि मी तो प्यायली. पूर्ण प्यायली, आणि तुमाले परत दिला.

हे कोणाले सांगितलं नाही. सांगितलं तर हसतील, आणि ते हसणं मले नको.

कौतिक


२४ एप्रिल, गुरुवार

याहीनबाई,

आता मागते. फिरवून-फिरवून दोन पत्रं झाली, तिकीट बी महाग झालं.

दोन मेची तारीख मिळाली. आखाजी, तुमच्या शाळेच्या भाषेत अक्षय तृतीया, झाली की तिसऱ्या दिवशी. तुम्ही या. धुळ्याहून सकाळची एसटी धरली तर नवाच्या आत पोचता. दाराबाहेर बसायचं. बोलायचं नाही माझ्याशी. न बोलता बसायचं तर तुमाले येतंच.

तुमचं नाव सांगायले मी आजच काउंटरवर गेली होती. तिथं वना म्हणून आहे कॉम्प्युटरवर. म्हणे, "कोण येणार अक्का?"

"याहीन."

तो हसला. "याहीन भांडायले येते. दवाखान्यात कुठे येते?"

"तू लिही."

"लिहू कुठे? कॉम्प्युटरमध्ये याहीन नाही. पती, मुलगा, मुलगी, सून, भाऊ, बहीण. नाहीतर इतर. इतर टाकू?"

"इतरमध्ये कोण राहतं?"

"शेजारी. गाववाले. एका पेशंटले रिक्षावाला घेऊन आला होता, तो बी इतर."

मी म्हटलं, "माझी याहीन रिक्षावाल्याच्या रांगेत बसणार नाही. तिचा स्वभाव तुले माहीत नाही."

"मग रक्ताचं माणूस आणा ना अक्का. इथं लाइन लागली."

"अरे, रक्ताचीच आहे! तिकडे कॅनडात माझ्या पोरीच्या पोटात जे वाढून राहिलं, त्यात तिचं रक्त आहे आणि माझं बी आहे. एकात एक कालवलं. आता तूच सांग, यातलं कोणतं तिचं आणि कोणतं माझं?"

माझ्या मागे लाइनीत एक सकीनाबी म्हणून म्हातारी होती, ती म्हणे, "बराबर बोली बाई." पण वना म्हणे, मशीन ऐकत नाही, इतरच टाकावं लागल. मी म्हटलं, थांब. तिले येऊ दे, मग टाक.

आता लाडवाचं. मी मागे घेत नाही. लाडू कडक होते. मी काय बोलली? "याहीनबाई, कॅनडाले लाडू नेऊ नका, विमानतळावर हत्यार म्हणून पकडतील." एवढंच ना? याहीनले याहीननं हसायचं नाही तर कोणी हसायचं? लग्नात तुमच्या बायांनी माझ्यावर गाणं म्हटलं होतं, नवरीची माय मिशा काढून आली. आणि सगळ्यात मोठा आवाज तुमचा होता. मी रुसली का? घरी जाऊन आरशात पाहिलं तेवढं.

तुमाले मी हसली ते लागलं नाही. लीलाधर हसला ते लागलं. पोरगा सासूच्या बाजूनं हसला. मी तेव्हाच तुमच्याकडे पाहिलं होतं. तुम्ही लाडवाचा डबा उचलून आतल्या खोलीत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा पदर चेहऱ्यावरून फिरवलेला होता.

आणि माझं बी सांगते. बाळंतपण मायनं करायचं राहतं. पण पोरांनी तुमाले बोलावलं. तुमाले इंग्रजी येतं, तुमच्याजवळ पासपोर्ट आहे. मी पासपोर्टचा फोटो काढला तर हसली म्हणून परत पाठवला. परत काढायले गेली, परत हसू आलं. तो पोरगा म्हणे, "मावशी, एक मिनिट दुःखी बसा." मले नाही जमलं. जे घरी दिवसभर जमतं ते तिथं एक मिनिट नाही जमलं.

म्हणून मी लाडवाले बोलली असेल. असेल म्हणते, होतंच असं नाही.

या.

कौतिक


३० एप्रिल, आखाजी

याहीनबाई,

उत्तर नाही. कालपर्यंत वाटलं होतं, आज नाही वाटत.

घागर भरली. चारुच्या बाबांच्या नावानं घागरीवर डांगराचं फळ ठेवलं, आंबा ठेवला. खापरावरची पुरणपोळी एकटीसाठी कोणी करतं का? केली. चार झाल्या. एक ठेवली पानावर, एक मी खाल्ली, एक खालच्या दुकानातल्या मंजूच्या पोरांले दिली. एक आहे. गल्लीत माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले, त्यांचं हसणं खिडकीतून आत येतं. मले एक जण म्हणे, "काकू, या झोक्यावर." मी म्हटलं, दोर तुटल. दोर चांगला होता.

चारुचा फोन आला. व्हिडिओचा. मले म्हणे, "आई, बारीक दिसतेस." मी म्हटलं, "तू जाड झाली म्हणून तुले सगळे बारीक दिसता." हसली. पोट दाखवलं. मग म्हणे, "झोका खेळलीस का?" मी म्हटलं, खेळली. गाणं बी म्हटलं. एवढं खोटं मी लग्नाच्या बोलणीत बी बोलली नव्हती.

परवाची सोय झाली आहे. उखर्डूभाऊनं एक बाई पाहिली. तिचा धंदाच तो, ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी बाहेर बसायचं. एकाच वेळेले तीन-चार पेशंटसाठी बसते. डॉक्टर बाहेर आला की पहिले विचारते, "कोणता?" मी विचारलं, "बाई, मी गेली तर रडायचे वेगळे का?" ती म्हणे, "नाही अक्का, ते त्यातच."

चांगली बाई आहे. तिनं माझं नाव दोनदा विचारलं, आणि दोनदा विसरली.

तुम्ही येऊ नका आता. उन्हाचं कशाले?

कौतिक


२ मे, सकाळ
दवाखाना, तुमच्यापासून दोन हातावर

याहीनबाई,

हा कागद सिस्टरकडून मागून घेतला. पुढच्या दातांची कवळी आता काढून ठेवली, बोलली तर श श श होतं. बोळकं पाहून तुम्ही हसाल, आणि मले ते तुमाले फुकट द्यायचं नाही. म्हणून लिहून देते. तुम्ही स्टुलावर बसून समोरच्या कॅलेंडरकडे पाहून राहिल्या. महिना मागचाच आहे, कोणती तारीख पाहता?

तुम्ही आल्या. काल सांजेले मले भरती केलं, आणि सकाळी डोळे उघडले तर पायाशी तुमची ती तपकिरी पिशवी, आणि तुम्ही तिचा बंद आवळून राहिल्या. मी म्हटलं, "या याहीनबाई." तर तुम्ही सिस्टरले म्हणाल्या, "यांना सांगा, उपाशीपोटी बडबड करू नये."

सिस्टर नवीन, बिचारी खरंच माझ्याकडे वळली. "मावशी, त्या म्हणता..."

"ऐकलं बाई. मी इथंच आहे. यांले विचार, चहा घेतला का?"

"सांगा, घेतला."

"विचार, कोणत्या गाडीनं आल्या?"

"सांगा, बसने. आणि सांगा, पत्रात इतक्या चुका आहेत की तपासायला वेळ लागला, म्हणून उत्तर दिलं नाही."

मग वना कागद घेऊन आला. तुमाले विचारलं, "नातं?" तुम्ही हेडबाईच्या आवाजात म्हणाल्या, "विहीण." तो म्हणे, "मॅडम, इतर टाकतो." आणि मग ते झालं! मी इतक्या वर्षांत तुमाले शाळेच्या भाषेतून खाली उतरताना पाहिलं नव्हतं. तुम्ही उभ्या राहिल्या. "इतर? मी काय इतर शे का रे? माझ्या नातवाची आजी शे ही! बठ्ठा कागद फाडी टाकसू!" पूर्ण वॉर्ड जागा झाला. वनानं मशीन सोडलं, पेन काढलं आणि कागदावर हातानं लिहिलं. याहीन. दीर्घ ही तुम्ही त्याच्याकडून दुरुस्त करून घेतली.

मले वाटलं, झालं. आता मले घेऊन जातील, आणि बाहेर माझं माणूस आहे.

तर तुम्ही पेन खाली ठेवलं. डॉ. नाजमीन आल्या होत्या, त्यांले म्हणाल्या, माझ्याकडे न पाहता, "यांच्या मुलीला काही माहीत नाही. तिला कळवल्याशिवाय मी बाहेर बसणार नाही."

मी म्हटलं, "कळवायचं नाही. तिचं बीपी..."

तुम्ही डॉक्टरलेच म्हणाल्या, "बीपीचं मी तिच्या डॉक्टरला विचारून घेतलंय, काल. तो म्हणाला, शांतपणे सांगा, लपवू नका. मला इंग्रजी येतं, त्याचा एवढा तरी उपयोग." आणि मग, "जूनमध्ये मी तिच्याकडे जाणार. ती दार उघडेल आणि पहिलं विचारेल, आई कशी आहे? मी पिशव्या हातात घेऊन उंबऱ्यात उभी. काय सांगू? आणि आज हे दार उघडून डॉक्टरांनी मला वाईट सांगितलं, तर ते एकटीनं घेऊन मी तिथपर्यंत जाऊ? मागच्या वेळी मीच सगळ्यांना सांगितलं. या पाणी पीत बसल्या होत्या."

डॉ. नाजमीननी माझ्याकडे पाहिलं. त्यांले आठवलं असल, त्या दिवशी त्यांच्याच हॉलमध्ये माझ्या उत्तराले टाळ्या पडल्या होत्या. मले आता समजलं त्या टाळ्या कोणी वाजवल्या. ज्यांले नंतर कोणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं, त्यांनी. तिथं तुम्ही असत्या तर वाजवल्या नसत्या.

सिस्टर म्हणे, "मावशी, बरं वाटतं ना?" मी गप्प बसली की लोकांले तेच वाटतं.

तर ऐका. तुमचं मान्य. पण माझ्या तोंडून सांगता येणार नाही. कवळीचं आहेच, आणि कवळी असती तरी मी तिले हसवलं असतं, आणि हसवून फोन ठेवून दिला असता. मले तेवढंच येतं. तुमाले सरळ सांगता येतं. तुम्ही सांगा. गाठ म्हणा. कैरीएवढी म्हणू नका, ती घाबरल, नाहीतर तिले कैरी खावीशी वाटल.

ते घ्यायले आले. चाकाची खाट दारात लागली. घाई करत नाही कोणी, डॉ. नाजमीन म्हणता, पाच मिनिटं आहे.

माझा फोन सिस्टरनं ठेवून घेतला. तुमचा तुमच्या हातातच आहे, मघापासून घट्ट धरलेला. तिकडे अजून झोपायची वेळ झाली नाही. लावा. ती पहिले रडल, मग विचारल, "आईजवळ कोण आहे?"

त्याचं उत्तर मी लिहून देणार नाही. ते तुम्ही बोलायचं आहे, आणि मोठ्यानं बोला, मले खाटेवरून ऐकू आलं पाहिजे.